प्रीॲम्पची परीक्षा: थंडीतल्या प्रकल्प नोंदी

१६ नोव्हेंबर २०२४, शनिवार

छताचा पंखा पूर्ण बंद ठेवून दोन तास ऐकत बसता येईल असे पुण्यात वर्षाकाठी अडीच-तीन महिनेच मिळतात. म्हणून हे काम दिवाळी उरकल्यावरच काढायचं ठरलं होतं. त्यात सध्या निवडणुकीची धामधूम. दर अर्ध्या तासाला रिक्षावरचा भोंगा गल्लीतून जातो. बुधवारी मतदान आहे, त्याआधी प्रचार थांबेल. तोवर नुसती जुळवाजुळव.

प्रश्न असा: भारी किमतीच्या प्रीॲम्पांचा (गाणं पुरवणारं यंत्र आणि स्पीकर चालवणारा पॉवर ॲम्प यांच्या मधला, आवाज कमी-जास्त करणारा डबा) आवाज एकमेकांपासून खरोखर वेगळा असतो का, आणि असला तर तो वेगळेपणा येतो कुठून? दुकानात ऐकून हे कळत नाही. तिथे खोली परकी, स्पीकर परके आणि विकणारा शेजारी उभा.

जमा झालेली मंडळी अशी. अमेरिकेतून पुण्यात परत राहायला आलेल्या मित्राचा बेंचमार्क एलए४. त्याच्या फ्लॅटचं काम चालू आहे तोवर मुक्काम माझ्याकडे. यात आवाज कमी-जास्त करायला पोटेन्शिओमीटर (पॉट, म्हणजे फिरवायचा बदलता रेझिस्टर) नाहीच, अर्ध्या डेसिबलच्या २५६ पायऱ्या आहेत आणि नॉब फिरवला की आतले रिले (विजेवर चालणारे छोटे स्विच) टकटकतात. दुसरा शेजारच्या काकांचा व्हॉल्व्ह (काचेची व्हॅक्यूम ट्यूब) प्रीॲम्प, १२एयू७ या ट्यूबवरचा, फीडबॅक नसलेला. याची किंमत काका काकूंसमोर सांगत नाहीत. तिसरा मी बांधलेला बी१ बफर. हे सर्किट अमेरिकी ॲम्प डिझायनर नेल्सन पास यांनी २००८ मध्ये हौशी लोकांसाठी खुलं केलं. तोशिबाचे २एसके१७० जेफेट (एक प्रकारचे ट्रान्झिस्टर), सिग्नल जेवढा आत तेवढाच बाहेर, वाढवणं नाही. ते जेफेट तोशिबाने बंद केले, माझ्याकडचे जुन्या साठ्यातले. चौथ्या डब्याला वीजच लागत नाही, आत ५० किलोओहमचा २४ पायऱ्यांचा अटेन्युएटर (सिग्नल कापणारा नॉब) आणि दोन सॉकेटं, बस. पाचवा पर्याय म्हणजे प्रीॲम्पच नाही: डॅकच्या (डिजिटल आकड्यांतून आवाजाचा सिग्नल तयार करणारा डबा) रिमोटने आवाज कमी करायचा आणि तार थेट पॉवर ॲम्पला.

पॉवर ॲम्प स्पीकरांच्या मध्ये, जमिनीवर. डॅक आणि बाकी सगळं सोफ्याशेजारी. मधली तार ७ मीटर. हा तपशील पुढे लागणार आहे.

१८ नोव्हेंबर, सोमवार

संध्याकाळी प्रचार थांबला. कानांना बरं वाटलं, पण आज कागदावरच काम केलं.

डॅक पूर्ण आवाजाला २ व्होल्ट देतो. सीडी प्लेअर बाजारात आले १९८२ मध्ये, तेव्हापासून हाच आकडा रूढ आहे. माझा पॉवर ॲम्प येईल त्या व्होल्टेजला २० ने गुणतो, म्हणजे २६ डेसिबल. गुणाकार करा: ४० व्होल्ट, आठ ओहमच्या स्पीकरला २०० वॉट. एवढ्यात खिडक्या वाजतील. आम्ही घरी ऐकतो ते एक वॉटच्या आसपास, म्हणजे स्पीकरच्या टोकांवर २.८३ व्होल्ट. त्यासाठी पॉवर ॲम्पला हवेत ०.१४ व्होल्ट. दोनावरून ०.१४ वर यायचं तर २३ डेसिबल कापायला लागतात. म्हणजे माझ्या घरात प्रीॲम्पचं काम सिग्नल वाढवणं नाहीच, कापणं आहे. आणि कापून झाल्यावर जे उरलं ते सात मीटर तारेतून इमानदारीने पलीकडे पोचवणं.

असं का झालं हेही उघड आहे. मॅरँट्झ ७ हा प्रीॲम्प आला १९५८ मध्ये. त्या काळी ग्रामोफोनची सुई जेमतेम तीन ते पाच मिलिव्होल्ट द्यायची, ते शेकडो पटींनी वाढवायचे, वर रेकॉर्ड कापताना दाबलेला खर्ज परत उचलायचा आणि चढवलेला तारस्वर खाली आणायचा. प्रीॲम्प नसेल तर गाणंच नाही. पुढे सीडी आली, तिने दोन व्होल्ट आयतेच दिले. गरज गेली, पण डबा राहिला, आणि त्याची किंमतही चढीच राहिली.

काकांना हा कागद दाखवला. म्हणाले, "अरे, हिशेबाने गाणं गोड लागत असतं तर बँकेतल्या लोकांना बैठकीला बोलावलं असतं." काका स्वतः बँकेतून निवृत्त झालेले.

२० नोव्हेंबर, बुधवार

सकाळी मतदान करून आलो. दिवसभर गल्ली शांत. सगळं एकत्र जोडलं आणि पहिली गोष्ट ऐकू आली ती घुंऽऽ.

व्हॉल्व्हवालाच जोडला की येते, बी१ वर नाही. काकांनी विजयी मुद्रेने माझ्या बोर्डाकडे पाहिलं, मी त्यांच्या डब्याकडे. कारण कोणाच्याच डब्यात नव्हतं. पॉवर ॲम्प भिंतीच्या एका सॉकेटला, प्रीॲम्प समोरच्या भिंतीच्या सॉकेटला. दोन्हींना अर्थची तार, आणि मध्ये सात मीटर सिग्नलच्या तारेची जाळी त्या दोन अर्थना तिसऱ्या वाटेने जोडते. त्या वेटोळ्यात ५० हर्ट्झचा प्रवाह फिरतो आणि सिग्नलबरोबर पुढे जातो. बी१ अडॅप्टरवर चालतो, त्याला अर्थची पिनच नाही, म्हणून तो गप्प. एका जाड एक्स्टेंशन बोर्डावरून सगळ्यांना वीज दिली, आवाज गेला.

संध्याकाळी आलेल्या एकाने सहज सुचवलं, प्लगची अर्थची पिन काढून टाका. हा सल्ला आपल्याकडे हमखास मिळतो. ज्या डब्यात अडीचशे व्होल्ट डीसी खेळतंय आणि ज्याचं कव्हर धातूचं आहे त्याची अर्थ काढणं म्हणजे गुणगुण घालवायला जीव पणाला लावणं. कोणी वाचत असेल तर त्याने हे करू नये.

२४ नोव्हेंबर, रविवार

आवाजाची पातळी जुळवणं हा सगळ्या प्रकल्पाचा पाया. कान बेरकी आहेत. दोनांतला एक आवाज किंचित मोठा असला तर "हा मोठा आहे" असं ते सांगत नाहीत. "हा मोकळा आहे, यात जास्त तपशील आहे" असं सांगतात.

आज घरच्यांवरच प्रयोग केला. दोन्ही वेळा एलए४ च, फक्त दुसऱ्यांदा एक पायरी, म्हणजे अर्धा डेसिबल वर. कोणाला काही सांगितलं नाही. वहिनी गायला शिकवते, तिचा कान आमच्यात सगळ्यात तयार. ती म्हणाली, "भाऊजी, दुसऱ्यात जवारी (तारेची झंकारती गुंज) जास्त खुली आहे." काका म्हणाले, दुसरा व्हॉल्व्हचाच असणार, ऊब कळते. मग सांगितलं. काका उठून चहा आणायला गेले. वहिनीने मात्र परत लावायला सांगितलं, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, "हो, मोठाच आहे. पण सांगितल्याशिवाय मोठा नाही वाटत." याहून नेमकं वर्णन मी तरी कुठे वाचलेलं नाही.

तर जुळवणी ०.१ डेसिबलच्या आत हवी. व्होल्टेजमध्ये हा फरक सव्वा टक्क्याच्याही आतला: एकावर २.८३ असेल तर दुसऱ्यावर २.८० ते २.८६ मध्ये बसायला हवं. मल्टीमीटर स्पीकरच्या टोकांवर लावला. यासाठी १ किलोहर्ट्झचा सूर वापरावा असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण साध्या मल्टीमीटरची एसी रेंज ४०० हर्ट्झच्या पुढे भरवशाची नसते. मी ३०० हर्ट्झ वापरतो.

अडचण एलए४ ची. अर्ध्या डेसिबलच्या पायऱ्यांनी ०.१ डेसिबल जुळत नाही, पाव डेसिबलपर्यंत चूक राहू शकते. जुळवणीसाठी वेगळा मल्टीटर्न प्रीसेट (स्क्रू फिरवून बारीक जुळवायचा पॉट) लागणार. त्यासाठी तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक सामानाच्या बाजारात गेलं पाहिजे.

१ डिसेंबर, रविवार

भाच्याने रिलेचा डबा बांधून दिला. दोन प्रीॲम्प आत, एक वाट बाहेर, प्रत्येक वाटेवर प्रीसेट. तीन बटणं: अ, ब आणि क्ष. क्ष म्हणजे अ किंवा ब, मायक्रोकंट्रोलर मनाने ठरवतो आणि कोणालाही सांगत नाही. ऐकणाऱ्याने फक्त म्हणायचं, क्ष हा अ आहे की ब. घाई नाही, हवं तितक्या वेळा मागे-पुढे. या पद्धतीचं मूळ रूप बेल प्रयोगशाळेतल्या मन्सन आणि गार्डनर यांनी १९५० मध्येच मांडलं होतं, तेव्हा श्रवणाच्या चाचण्यांसाठी.

भाच्याला शंका: "मामा, रिलेच्या टकवरून ओळखतील ना?" म्हणून वाट बदलो वा न बदलो, बटण दाबलं की एक फालतू रिले टक करतोच. पोरगा हुशार आहे.

सोळापैकी किती बरोबर आले ते मोजायचं. डोळे झाकून नाणं उडवलं तरी आठच्या आसपास येतातच. बारा किंवा जास्त निव्वळ नशिबाने येण्याची शक्यता शंभरात चारच्या आत. बारा ही रेघ ठरवली.

८ डिसेंबर, रविवार

पहिली खरी बैठक. अ आणि ब हे दोन प्रीॲम्प न ठेवता मी वेगळं केलं: अ म्हणजे प्रीॲम्प, ब म्हणजे तारेचा तुकडा. क्वाड या ब्रिटिश ऑडिओ कंपनीच्या पीटर वॉकरचं म्हणून सांगितलं जाणारं वाक्य आहे की आदर्श ॲम्प म्हणजे गेन (सिग्नल वाढवण्याची पट) असलेली सरळ तार. मग तारेशीच तुलना करू की. दोन प्रीॲम्प वेगळे वाजले तर त्यातला खरा कोणता हे कळत नाही. तारेसमोर उभं केलं की प्रत्येकाला आपापला जबाब द्यावा लागतो.

एलए४ शून्य डेसिबलवर ठेवला, जेवढं आत तेवढंच बाहेर. आवाज आधीच डॅकमध्ये कमी केलेला. वहिनी ९, काका ७, मी ८. बी१: वहिनी १०, काका ८, मी ७. बाराच्या जवळपास कोणी नाही.

काकांनी यावर युक्तिवाद केला की सतत अदलाबदल करून कान गोंधळतो, खरा फरक आठवडाभर ऐकल्यावर कळतो. रास्त आहे. म्हणून एलए४ त्यांच्याकडे आठवडाभर पाठवणार आहे. हे लिहून होईतो काकूंचा फोन आला, "अजून एक डबा येणार आहे का?"

एक गोष्ट मात्र अंध चाचणीशिवाय कळते. काहीच वाजत नसताना स्पीकरच्या घुमटाला कान लावला की व्हॉल्व्हवाल्याची बारीक सळसळ येते, एलए४ वर काही नाही. सोफ्यावरून दोन्ही सारखेच.

११ डिसेंबर, बुधवार

वीज न लागणारा डबा. याच्याबद्दल ठाम मत असतं की तारस्वर बोथट होतो. हिशेब केला. शिल्ड असलेल्या तारेची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मीटरला १०० पिकोफॅरड धरली तर सात मीटरची ७००. माझ्या ऐकण्याच्या पातळीला या डब्याचा आउटपुट इम्पीडन्स (बाहेर पडणाऱ्या सिग्नलला आतून होणारा अडथळा) ३ किलोओहमच्या थोडा वर. यातून २० किलोहर्ट्झला एक तृतीयांश डेसिबल जातात, १० किलोहर्ट्झला ०.१ पेक्षा कमी. माझे कान तेराच्या पुढे काही ऐकत नाहीत, काकांचे विचारू नका. १०० किलोओहमचा पॉट आणि याहून लांब तार असती तर तक्रार खरी ठरली असती. इथे नाही. ऐकूनही कोणाला ओळखता आला नाही. पुढे.

१५ डिसेंबर, रविवार

व्हॉल्व्हची पाळी. आणि आज पहिल्यांदा सोळापैकी पंधरा! तिघांचेही बाराच्या वर.

काका खुर्चीत मागे रेलून बसले. पण गंमत अशी की काकांनी जे ओळखलं ते ऊब नव्हतं. तबला लावला होता. वहिनी म्हणाली, "डग्गा कोरडा आहे. घिस्सा आहे, पण खालचा गोलावा गेलाय." व्हॉल्व्हच्या कीर्तीच्या अगदी उलट. काकांच्या घरी याच डब्यावर डग्गा मस्त घुमतो, मी ऐकलंय.

खालून कव्हरच्या जाळीतून टॉर्च मारून पाहिलं: आउटपुटला ०.४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. काकांचा पॉवर ॲम्प जुना, त्याचा इनपुट इम्पीडन्स (मागच्या डब्याला दिसणारा भार, ओहम जितके कमी तितका तो जड) १०० किलोओहम. माझा नव्या धाटणीचा क्लास डी, त्याचा १०. व्हॉल्व्हच्या आतल्या अडीचशे व्होल्टपासून पुढच्या ॲम्पला वाचवायला हा कपॅसिटर लागतोच, पण तो आणि पुढचा भार मिळून खालचे सूर गाळणारी चाळणी होते. काकांकडे ही चाळणी साडेतीन हर्ट्झच्या खाली, कोणाला पत्ता लागणार नाही. माझ्याकडे ३२ हर्ट्झला. पन्नासला दीड डेसिबल गेले, ऐंशीलाही अर्ध्याच्या वर.

हे कोणत्याच डब्याचं न्यून नाही. ज्याने हा प्रीॲम्प केला त्याच्या डोळ्यासमोर काकांसारखाच ॲम्प होता. पण समजा मी हा डबा दुकानातून घरी आणून ऐकला असता आणि चार ओळी लिहिल्या असत्या, तर "या प्रीॲम्पचा खर्ज आटोपशीर, मध्य सप्तक पुढे" असं काहीतरी छापलं असतं. आणि त्याच डब्याबद्दल काकांनी लिहिलं असतं, "खर्ज भरदार". दोघंही खरं बोलले असते.

जेवणानंतर मध्ये बी१ घातला, त्याचा पॉट बाजूला काढून. आता व्हॉल्व्हला दिसणारा भार १०० किलोओहमच्या वर, आणि दहा किलोओहमशी झुंजायचं काम जेफेटचं. परत सोळा फेऱ्या. वहिनी ९, काका १०, मी ६. डग्गा परत आला आणि ओळख गेली.

१७ डिसेंबर, मंगळवार

मग ती ऊब असते कुठे? आज लॅपटॉप आणि ऑडिओ इंटरफेस लावून व्हॉल्व्हवाल्याची विकृती मोजली. २ व्होल्ट आउटपुटला दुसरा हार्मोनिक (मूळ सुराच्या दुप्पट वारंवारतेचा, व्हॉल्व्हने घातलेला सूर) ०.४ टक्के. ट्रान्झिस्टरवाल्यांच्या मानाने प्रचंड. बाकीचे हार्मोनिक जवळजवळ नाहीत, तेही ट्रायोड जातीच्या या व्हॉल्व्हला साजेसंच.

पण आउटपुट कमी केला की दुसऱ्या हार्मोनिकचं प्रमाणही त्याच पटीत कमी होतं. मी ऐकतो ०.१४ व्होल्टला. तिथे उरतो ०.०३ टक्के. म्हणजे गोडवा देणारा जो काही मसाला आहे तो घरच्या पातळीला पातेल्यात पडतच नाही. पुढच्या पॉवर ॲम्पचा गेन जितका जास्त, तितका व्हॉल्व्ह निवांत बसून राहतो.

त्याला कामाला लावायचा एक मार्ग आहे. प्रीॲम्पचा नॉब पूर्ण उघडायचा, म्हणजे डॅकच्या २ व्होल्टचे आत ८ होतील, आणि बाहेर पडल्यावर दोन रेझिस्टरांनी सिग्नल परत खाली आणायचा. १०० किलोओहम आणि १.८ किलोओहम. पस्तीस डेसिबल कापले की बरोबर ०.१४ व्होल्ट. चार रेझिस्टर, दोन सॉकेटं आणि एक डबी. तपकीर गल्लीत या सगळ्याचं जितकं बिल झालं तितक्यात कोपऱ्यावर दोन कटिंग आले असते.

मोजलं: ८ व्होल्टला विकृती दीड टक्क्याच्या पुढे. वर सळसळही पस्तीस डेसिबलने खाली गेली, कारण कात्री आता व्हॉल्व्हच्या नंतर आहे. हे फुकटात मिळालं.

२१ डिसेंबर, शनिवार

सवाईहून रात्री परतलो. काम काही नाही, फक्त एक टिपण. मंडपात सगळे "लाइव्ह" म्हणून जे ऐकतात ते मायक्रोफोन, मिक्सर, ॲम्प आणि स्पीकर यांतूनच येतं. रेकॉर्डिंगचंही तेच. सत्तरीच्या दशकाअखेर आलेली एनई५५३२ ही सिग्नल वाढवणारी चिप आणि तिची भावंडं कितीतरी मिक्सिंग डेस्कमध्ये ओळीने बसलेली असतात, आणि सूर आपल्या घरी पोचेपर्यंत अशा डझनावारी चिपांतून गाळून आलेला असतो. त्यात शेवटची एक चिप माझ्या प्रीॲम्पची. तिच्यावर एवढा राग का?

२५ डिसेंबर, बुधवार

नाताळची सुट्टी. आजची बैठक सगळ्यात कामाची झाली, म्हणून जरा सविस्तर.

गेल्या आठवड्यात वहिनीने तिचा तानपुरा लावून दिला होता आणि मी दोन मायक्रोफोनांवर तो मुद्रित करून ठेवला होता. तिची पट्टी काळी चार, सा २०८ हर्ट्झचा. एकदा पहिली तार पंचमाला लावून, एकदा निषादाला. निषाद लावायचा आग्रह तिचाच, ती सध्या मारवा राग घोकते आहे.

अ म्हणजे व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि मागे पस्तीस डेसिबलची डबी. ब म्हणजे तार. दोन्हींच्या पुढे बी१. पातळी जुळवलेली.

पंचमाचा तानपुरा: वहिनी ९, मी ८. दीड टक्का विकृती आणि तयार कानाला पत्ता नाही. निषादाचा तानपुरा: वहिनी १३, मी ११. तेरा किंवा जास्त नशिबाने येण्याची शक्यता शंभरात एक.

वहिनीने सांगितलेली खूण: "सा आणि नी यांच्या मध्ये काहीतरी किरकिरतंय. बेसूर नाही, पण स्वच्छ नाही." तोंडी हे सांगून ती पोळ्या करायला गेली. मी कागद घेतला आणि चक्क सापडलं.

पंचम १५६, सा २०८, खर्ज १०४. असा व्हॉल्व्ह प्रत्येक सुराची दुप्पट तयार करतो, शिवाय दोन सुरांची बेरीज आणि वजाबाकीही. दुप्पट म्हणजे वरच्या सप्तकातले तेच सूर, ते तानपुऱ्यात आधीपासून असतातच. २०८ वजा १५६ म्हणजे ५२, खर्जाच्याही खालचा सा. बेरीज ३६४, जरा उतरलेला कोमल निषाद, खर्जाच्या तारेतल्या सातव्या स्वयंभूचा (तारेतून आपोआप उमटणारा सूर) खालच्या सप्तकातला भाऊ. जो तानपुरा मुळात आपल्या पोटात स्वयंभू गंधार घेऊन वाजतो, त्याला हे पाहुणे घरचेच वाटतात. जवारी थोडी अधिक भरल्यासारखी लागते इतकंच. काका ज्याला ऊब म्हणतात ती हीच असावी.

आता निषाद लावा: १९५. त्याची दुप्पट ३९०, साची दुप्पट ४१६. हे दोन्ही मूळ तानपुऱ्यातच आहेत. पण बेरीज येते ४०३, दोघांच्या बरोबर मध्ये, दोघांपासून १३ हर्ट्झवर. एवढ्या जवळचे सूर एकमेकांत थरथरतात. वहिनीची किरकिर ती हीच, सा आणि नी यांच्या मधोमध.

त्यामुळे व्हॉल्व्ह गोड की नाही हा प्रश्न डब्यापेक्षा त्यातून काय जातंय यावर जास्त ठरतो. षड्ज-पंचमाच्या संगतीत, एकट्या गळ्यासाठी तो दिलदार आहे. मारव्यासमोर, किंवा जिथे दाटीवाटीने वेगवेगळे सूर एकदम येतात अशा मोठ्या वाद्यवृंदासमोर त्याच दिलदारीचा गोंगाट होतो. परदेशी मासिकांतली एकाच डब्याबद्दलची दोन टोकांची मतं वाचताना मी आता आधी बघणार की त्यांनी लावलं काय होतं.

संध्याकाळी काका आले. आठवडाभर एलए४ ऐकून परत घेऊन. मत? "चांगला आहे. काहीच करत नाही." तक्रार की कौतुक ते कळेना. विचारलं तर म्हणाले, "दोन्ही."

२९ डिसेंबर, रविवार

प्रीॲम्पशिवाय, डॅक थेट. आवाजात बोट ठेवायला जागा नाही. डिजिटलमध्ये आवाज कमी करताना सहा डेसिबलला एक बिट जातो. २३ डेसिबलला जेमतेम चार. २४ बिटांत ते खपून जातं. अडचण वेगळीच: डॅकची स्वतःची सळसळ मात्र कमी होत नाही, ती पूर्ण २६ डेसिबल गेनने स्पीकरपर्यंत जाते. कान लावून ऐकली, आहे. सोफ्यावरून नाही.

पण रात्री वीज जाऊन आली आणि डॅक चालू झाला तो पूर्ण आवाजावर. नशिबाने पॉवर ॲम्प बंद होता, नाहीतर ते दोनशे वॉट सरळ ट्वीटरमध्ये. भिंतीत कितीही चांगली वीज असो, हा पर्याय माझ्यापुरता बाद. मध्ये हाताने फिरवायचा, वीज गेली तरी होता तिथेच राहणारा नॉब हवाच.

५ जानेवारी २०२५, रविवार

मित्राचं घर लागलं, एलए४ त्याच्याकडे गेला. आवाजासाठी मी तो विकत घेणार नाही. त्या नॉबचा हेवा मात्र वाटतो: कुठल्याही पायरीला डावं-उजवं तंतोतंत सारखं. साध्या पॉटमध्ये आवाज अगदी कमी केला की एक बाजू आधी मरते. रात्री उशिरा, घरचे झोपल्यावर ऐकणाऱ्याला हे रोज छळतं. लाखांच्या डब्यात पैसे कशाचे मोजायचे, तर माझ्या मते याचेच.

म्हणून ठरलं ते असं. रिलेच्या अटेन्युएटरचं ६४ पायऱ्यांचं कार्ड मागवलं आहे, त्याच्या मागे बी१, दोन्ही एकाच डब्यात. दोन इनपुट आणि एक म्यूट. भाचा रिमोटचा कोड लिहितोय, त्याची अट अशी की दर्शनी काचेवर आकडे मराठीत हवेत.

काकांच्या डब्याचं त्यांच्या मेकॅनिककडून काम होईल: ०.४७ च्या जागी २.२ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन. मग दहा किलोओहमच्या ॲम्पलाही चाळणी सात हर्ट्झच्या खाली जाईल. मोठ्या कपॅसिटरने चालू करताना स्पीकरला धक्का जास्त बसतो, तेव्हा प्रीॲम्प आधी चालू, अर्ध्या मिनिटाने पॉवर ॲम्प. बंद करताना उलट. ही ओळ कागदावर लिहून त्यांच्या रॅकला चिकटवली आहे.

पस्तीस डेसिबलची डबी मी सुटी करून ठेवणार होतो. काकांनी उचलली. "अरे, निषाद काय मी रोज लावतो? ही माझ्याकडे राहू दे." वहिनीने मारवा संपेपर्यंत तिला त्या डब्यावर काही ऐकवू नये असं सांगितलं आहे.

कार्ड आलं की पुढची नोंद. त्यानंतर फोनो स्टेज, तिथे मात्र खरोखर वाढवायचं काम आहे.